ही बाजू वर

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची असेल तर मान जरा उजव्या खांद्यावर टाका. टाकली? आता माझ्या पुढच्या फळीवरचे तीन शब्द वाचता येतील. 'ही बाजू वर.' शेजारी एक काळा बाण आहे. गंमत अशी, की तो बाण वर दाखवतच नाही. तो उजवीकडे दाखवतो आणि अक्षरेही त्याच्यासोबत आडवी झोपली आहेत.

मी आहे लाकडाची एक म्हातारी पेटी. लांबी एक मीटर, रुंदी दोन वीत. पोटात चार लांब खण आहेत आणि त्या खणांत एका डोंगराची चार मीटर लाल माती आहे. पुढच्या फळीवर दोन गाठी आहेत, अगदी डोळ्यांसारख्या. त्या गाठींनी मी पुष्कळ काही पाहिले आहे. या तीन शब्दांपायी माझ्या एकसष्ट बहिणी रस्त्याच्या खड्ड्यांत जाणार होत्या, आणि त्यांच्याबरोबर एका भल्या माणसाची इभ्रतसुद्धा. तसे झाले नाही, म्हणून तर आज मी हसत हसत सांगते आहे.

माझा जन्म डोंगराच्या पायथ्याशी एका तंबूत झाला. तिथे सुतारमामा बासष्ट पेट्या करायला बसले होते. एकसष्ट झाल्या आणि फळ्या संपल्या. मामांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. तंबूबाहेर एक मोडके खोके पडले होते. त्यातून पाण्याचा पंप आला होता. मामांनी त्याची एक फळी उचकटली, रंधा मारायचा कंटाळा केला आणि माझ्या पुढच्या अंगाला ठोकून दिली. खोक्यावर ती फळी उभी होती, म्हणून बाण वर दाखवत होता. माझ्या अंगावर ती आडवी झाली आणि बाणही आडवा झाला. पंप गेला, खोके गेले, पण 'ही बाजू वर' मात्र माझ्या नशिबी आले.

मी शेंडेफळ. शेवटी झाले म्हणून ढिगाच्या सगळ्यांत वर बसले. वर होते म्हणून कामाला पहिली उचलली गेले. मला वाटले, वा, काय हा मान! पुढे काय वाढून ठेवले आहे, ते तेव्हा कुठे ठाऊक होते?

आता डोंगराविषयी दोन शब्द. हा डोंगर मुळात काळ्याहिरव्या खडकाचा. लाखो वर्षे पावसाने त्याला धुतले. धुता धुता खडक कुजला आणि त्याची माती झाली. जे विरघळणारे होते ते पाण्याबरोबर खाली उतरले, जे हट्टी होते ते वरच बसून राहिले. त्यामुळे वर लोखंडाने लाल झालेली माती, तिच्याखाली पिवळसर तपकिरी, आणि तिच्याखाली हिरवट. त्या हिरवट मातीत निकेल नावाचा धातू साठला होता. सारी माणसे तिथे आली होती ती निकेलसाठी. यंत्राला जोडलेले पोकळ गिरमिट ती डोंगरात खाली खाली घालत आणि मातीची लांब कांडी बाहेर काढत. त्या कांडीला ते कोअर म्हणत. हिरव्या मातीसाठी शहरातून पत्र्याच्या चकचकीत पेट्या मागवल्या होत्या. वरच्या लाल मातीसाठी आम्ही, तंबूत ठोकलेल्या.

पहिल्या दिवशी माती भरायला एक नवा कामगार आला. तिशीचा, दोन मुलींचा बाप, उत्साहाने नुसता उतू जाणारा. गिरमिटाच्या मिस्त्रींना बोलायला सवड नव्हती. यंत्राच्या धडधडाटात ते ओरडले, "वरची माती वरच्या अंगाला ठेवायची. कळलं?"

"कळलं!" नवा कामगारही ओरडला. मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि विचार करू लागला. आडव्या पेटीचे वरचे अंग कुठले? तेवढ्यात त्याला माझा बाण दिसला. त्याचा चेहरा असा उजळला, की मलाच धन्य वाटले. त्याने बाणाच्या टोकापासून सुरुवात केली. डोंगराचा अगदी वरचा, गवताच्या मुळ्यांचा तुकडा त्याने माझ्या उजव्या कोपऱ्यात ठेवला आणि मग माती खण एक, खण दोन करत डावीकडे नेली. चौथा मीटर पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात संपला. हात इतका हळुवार, की एक ढेकूळ फुटले नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी पेटी आली. तिच्यावर कसला बाण आणि कसले काय!

"मिस्त्री," त्याने विचारले, "हिच्यावर बाण नाही. वर कुठाय?"

"बाण?" मिस्त्री पोट धरून हसले. "अरे, पुस्तक वाचता येतं ना? पहिली ओळ पलीकडे, डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. पेटी तशीच भरायची. जगात सगळीकडे तशीच भरतात."

नवा कामगारही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने हळूच माझ्याकडे पाहिले. माझे झाकण खिळे ठोकून बंद झाले होते. डाव्या कोपऱ्यावर 'शून्य मीटर' अशी पत्र्याची पट्टीही कोणी तरी रीतीप्रमाणे मारून गेले होते. आता सांगायचे म्हणजे साऱ्या तंबूत हसे. तो माझ्याजवळ आला, झाकणावर हात ठेवला आणि पुटपुटला, "लाल मातीच तर आहे. कोण बघतंय!"

मी बघत होते, मित्रांनो. पण पेटीला तोंड कुठे असते? झाकण असते, आणि तेही बाहेरून बंद.

बासष्ट भोके पाडून झाली. मग मोठा चष्मा लावलेले एक तज्ज्ञ आले. त्यांना सगळे निकेलसाहेब म्हणत, कारण त्यांना दुसरे काही दिसतच नसे. पत्र्याच्या पेट्यांपुढे ते तासन्‌तास बसले, भिंग लावून पाहिले, "सुरेख, सुरेख" म्हणाले. आमच्यापुढून जाताना त्यांनी पाऊलही थांबवले नाही. "ही माती? हिच्या विटा पाडा," म्हणाले आणि गेले. हिरव्या पेट्या मोठ्या कार्यालयात गेल्या. आम्ही लाल पेट्या खाणीच्या फाटकाजवळच्या एका लांबट शेडमध्ये आलो. विटा पाडायलाही कोणाला वेळ नव्हता, हे आमचे भाग्य.

त्या शेडची राखण नव्या कामगाराकडे आली. वर्षे गेली, त्याचे केस पिकले आणि तो सगळ्यांचा शेडकाका झाला. आमच्यावर लक्ष ठेवायला कोणी सांगितले नव्हते. काका मात्र दर शनिवारी एकेक पेटी फडक्याने पुसत. वाळवी लागू नये म्हणून मांडणीच्या पायांना तेल लावत. छप्पर गळले की स्वतः वर चढत. कोणी आला की छाती काढून सांगत, "इतक्या वर्षांत इथलं एक ढेकूळ इकडचं तिकडं झालेलं नाही. पैज लावा!" ते असे म्हणाले की मला गुदगुल्या होत. खरेच होते म्हणा ते. इकडचे तिकडे झाले नव्हते. पहिल्या दिवशी जे तिकडे गेले होते, ते तिकडेच होते.

मांडणीवर मी कधी नीट बसले नाही, कारण माझी पंपाची फळी इतरांपेक्षा बोटभर पुढे येते. म्हणून काकांनी मला दाराशी ठेवले. मग काय, मी बाक झाले. येणारा जाणारा माझ्यावर बसे. दुपारी काकू डबा घेऊन येत आणि तो माझ्यावरच उघडत. एकदा मांजरीने माझ्या झाकणावर चार पिल्ले घातली आणि काका तीन आठवडे जमिनीवर बसून जेवले. मान नव्हता, पण सोबत होती. सोबत असली की दिवस बरे जातात.

अशी सव्वीस वर्षे गेली आणि एके सकाळी खाणीचे मोठे साहेब दारात उभे राहिले. पांढरी पँट, हातात कागद. "काका, शेड रिकामी करायची. यंत्रांचे सुटे भाग ठेवायला जागा नाही. या लाल पेट्या रस्त्याच्या खड्ड्यांत ओतून टाका. महिनाअखेर ट्रक येईल."

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. साहेब गेल्यावर त्यांनी फडके घेतले आणि शनिवार नसतानाही पेट्या पुसायला लागले. आठवडाभर ते पुसतच होते.

आठव्या दिवशी एक बाई आल्या. धुळीने माखलेले बूट, पाठीवर पिशवी, कानामागे पेन्सिल. त्या दारात थांबल्या आणि मांडणीकडे पाहून ओरडल्याच, "अगं बाई! सगळ्या आहेत?"

"सगळ्या," काका म्हणाले. "बासष्ट. तुम्ही कोण?"

"जुन्या नोंदीत या पेट्यांबद्दल वाचलं, म्हणून आले. मी अंदाज करते. डोंगरात कुठला धातू किती आहे, याचा."

"अंदाज?" काकांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे?"

बाई हसल्या. "नाही हो काका. मोजून केलेला अंदाज. आणि तो किती चुकू शकेल, तेही सांगणारा."

त्या माझ्यावरच बसल्या आणि काका-काकूंना समजावून सांगू लागल्या. मीही कान देऊन ऐकले, कारण विषय आमच्याच पोटातला होता. ज्या लाल-पिवळ्या मातीला निकेलसाहेबांनी नाक मुरडले, तिच्यात स्कँडियम नावाचा दुर्मीळ धातू अडकून बसलेला असू शकतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये तो चिमूटभर घातला, की अ‍ॅल्युमिनियम हलके ते हलके राहते आणि वर भलतेच बळकट होते. विमानांना असे धातू लागतात. पिवळ्या मातीच्या तळाशी काळे डाग असतात, त्यांत कोबाल्ट सापडतो. तो बॅटऱ्यांना लागतो. पण आता या डोंगराची पाळी आली होती, आणि निकेल काढायचे म्हणून हीच माती आधी खरवडून फेकायची, असे खाणीचे ठरले होते.

"किती असतं ते स्कँडम का काय?" काकूंनी विचारले.

"दहा लाख भागांत ऐंशी भाग मिळाले तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे बघा, किलोभर तांदळात चार दाणे."

"चार दाण्यांसाठी एवढा खटाटोप?"

"काकू, डोंगर केवढा आहे!"

ते काकूंना पटले. मग बाईंनी कागदावर डोंगर काढला आणि त्याचे साबणाच्या वड्यांसारखे चौकोनी तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात काय आहे, ते आजूबाजूच्या भोकांतल्या मातीला विचारायचे. जवळच्या भोकाचे जास्त ऐकायचे, लांबच्याचे कमी.

"शेजारणीचं जास्त, लांबच्या नणंदेचं कमी," काकू म्हणाल्या. "आणि मूठभर मातीवरून डोंगर ओळखायचा. शितावरून भाताची परीक्षाच की!"

"अगदी तेच!" बाई खूश झाल्या. "फक्त शीत कुठलं घेतलं ते ठाऊक हवं. वरचं मोकळं असतं, तळाचं करपलेलं असतं. वरचं कुठलं आणि तळाचं कुठलं हेच कळलं नाही, तर परीक्षा कसली?"

ते ऐकले आणि डाव्या कोपऱ्यावरची 'शून्य मीटर'ची पट्टी मला टोचू लागली. लाकडाला पट्टी टोचते का, असे विचारू नका. टोचली, एवढे खरे.

मोठ्या साहेबांनी बाईंना एक संधी दिली. आधी बारा पेट्यांची माती तपासायची. निकाल चांगला आला तर उरलेल्या पन्नास, नाही तर ट्रक. बाईंनी निवडलेल्या बारांत मी होते. माझे भोक डोंगराच्या ऐन मध्यावर. कित्येक चौकोनी तुकड्यांची मीच सख्खी शेजारीण! सव्वीस वर्षांनी माझे झाकण उघडले, उजेड आत आला आणि बाईंनी सुरीने प्रत्येक मीटरची अर्धी माती उभी कापून पिशवीत भरली. अर्धी माझ्याकडेच ठेवली.

"अर्धी कशाला ठेवायची?" काकांनी विचारले.

"उद्या कोणाला माझ्यावर संशय आला तर त्याला तपासता यावं म्हणून."

प्रयोगशाळेत जाणाऱ्या पिशव्यांमध्ये बाईंनी साध्या वाळूची एक पिशवीही गुपचूप घातली. वाळूत स्कँडियम सापडले, असे कळवले तर प्रयोगशाळाच झोपा काढते आहे म्हणायचे. असा त्यांचा कारभार. या बाई सगळ्यांवर संशय घेत आणि त्यात स्वतःलाही सोडत नसत. मला त्या फार आवडल्या.

तीन आठवड्यांनी निकाल आला. प्रयोगशाळा झोपली नव्हती, वाळू वाळूच निघाली. आणि माती? अकरा पेट्यांनी एकच गोष्ट सांगितली. वरच्या मीटरमध्ये स्कँडियम थोडे, खाली जाल तसे जास्त, आणि तळाशी काळ्या डागांबरोबर कोबाल्ट. बाईंनी आनंदाने टेबलावर थाप मारली. मग बारावा कागद उलटला. तो माझा. माझ्या कागदावर सगळे उफराटे होते. जास्त ते वर, कमी ते तळाशी, आणि कोबाल्ट चक्क गवताला लागून.

मोठे साहेब शेडमध्ये आले. ते रागावले नव्हते आणि त्याचाच जास्त धाक वाटत होता. "बाई, बारांत एक पेटी भलतंच सांगते. म्हणजे उरलेल्या पन्नासांत आणखी चार तरी तशाच असणार. कुठल्या चार, ते कोण सांगणार? पेट्या हलवताना माती सांडली असेल आणि मग जमेल तशी भरली असेल. सव्वीस वर्षांत होतं असं. मी काकांना दोष देत नाही." हे शेवटचे वाक्य त्यांनी काकांकडे पाहून म्हटले, म्हणजे दोष दिलाच. "पण असल्या मातीवर मी डोंगराचा निर्णय घेणार नाही. शुक्रवारी ट्रक येईल."

"साहेब, माती सांडलेली नाही!" काकांचा आवाज चिरकला. "एक ढेकूळ..."

"इकडचं तिकडं झालेलं नाही. ठाऊक आहे," साहेब सौम्यपणे म्हणाले आणि निघून गेले. बाई कागद चाळत बसल्या.

दुपारी काकूंनी नेहमीसारखा माझ्यावर डबा उघडला. काकांनी घास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं," ते म्हणाले. "निष्काळजी म्हणाले."

काकू डब्याचे झाकण लावायला लागल्या. तेव्हा डबा जरा सरकला आणि काकांची नजर माझ्या फळीवर पडली. सव्वीस वर्षे ते माझ्यावर बसले होते. बसणाऱ्याला फळी दिसत नाही. ते खाली उतरले, उकिडवे बसले, आणि त्यांनी हळूहळू मान उजव्या खांद्यावर टाकली. वाचा काका, वाचा!

त्यांनी वाचले. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अगदी तशाच.

"काय झालं?" काकू घाबरल्या.

काकांनी सगळे सांगितले. मिस्त्रींचे ओरडणे, बाण, पुस्तकाची ओळ, सगळे. "तेव्हा म्हटलं, कोण बघतंय. मग विसरूनच गेलो. की विसरायचं ठरवलं, कोण जाणे. आणि आयुष्यभर छाती काढून सांगत सुटलो! आता सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. सगळी खाण हसेल."

"आणि नाही सांगितलंत तर?"

काकांनी मांडणीकडे पाहिले. "तर या जातील."

"मग विचार कसला करताय?" काकूंनी डबा पिशवीत कोंबला. "चुकलं म्हणायला जीभ झिजत नाही. आणि झिजलीच थोडी, तर बरंच आहे. घरात जरा शांतता."

काका हसले. डोळ्यांत पाणी होते, पण हसले. त्यांनी बाईंना हाक मारली आणि मला उचलून हातगाडीवर ठेवले. काकू एका बाजूने, बाई दुसऱ्या बाजूने आणि माझी वरात थेट मोठ्या साहेबांच्या कार्यालयात! गुळगुळीत फरशी, पंख्याचा वारा आणि टेबलावर मी, पेपरवेटच्या शेजारी.

"साहेब," काका उभ्या उभ्याच म्हणाले, "पेटी उलटी आहे. शेडमध्ये नाही झाली. भरतानाच झाली. मी भरली होती. माझा पहिला दिवस होता, हा बाण बघून भरली. दुसऱ्या दिवशी चूक कळली आणि मी गप्प बसलो. हिच्यानंतरच्या एकसष्ट पेट्याही मीच भरल्या आणि त्या पुस्तकासारख्या भरल्या. बाण फक्त हिलाच आहे. चूक माझी, माती खरी आहे."

साहेबांनी मान उजव्या खांद्यावर टाकून वाचले. "पंपाचं खोकं?" ते म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काही तरी हलले. "पण काका, तुमच्या शब्दाला पुरावा काय?"

आता बाई पुढे झाल्या. त्यांनी माझ्या उजव्या कोपऱ्यातली, बाणाजवळची माती बोटाने अलगद बाजूला केली. आत दोऱ्यासारख्या बारीक, वाळलेल्या, तपकिरी मुळ्या होत्या. सव्वीस वर्षे मी त्या पोटाशी धरून ठेवल्या होत्या.

"मी पट्टी वाचली, माती वाचली नाही," बाई स्वतःवरच चिडल्या. "साहेब, पट्टीप्रमाणे हा कोपरा जमिनीखाली चार मीटर आहे. गवत कधी चार मीटर खाली उगवतं का?"

साहेबांनी एक मुळी चिमटीत धरून पाहिली. मग उठले. "चला शेडमध्ये. एकसष्टही उघडायच्या. मुळ्या डाव्या कोपऱ्यात सापडल्या तर मानीन."

मित्रांनो, त्या दुपारी आमच्या शेडमध्ये जी मजा आली, ती सव्वीस वर्षांत आली नव्हती. काका झाकणे उघडत होते, बाई माती चाचपत होत्या आणि काकू मोठ्याने मोजत होत्या. "सतरा, डावीकडे! अठरा, डावीकडे!" चार पेट्यांत मुळ्या कुजून गेल्या होत्या, तेव्हा काकूंची मोजणी अडखळली. पण डोंगराच्या अगदी वरच्या थरात लोखंडाचे गोल गोल छर्रे असतात, ते तिथे डाव्या कोपऱ्यातच सापडले. साहेब आधी लांब उभे होते. पंचविसाव्या पेटीला ते वाकले. चाळिसाव्या पेटीला त्यांची पांढरी पँट गुडघ्यावर लाल झाली होती आणि "थांबा, ही मी बघतो!" असे तेच ओरडत होते.

"एकसष्ट," काकूंनी मोजले. "डावीकडे."

काकांचा जीव भांड्यात पडला. माझाही. साहेबांनी हात झटकले आणि काकांकडे पाहिले. "काका, सकाळी मी तुम्हाला बोललो, ते परत घेतो. माती सांडली नव्हती. शुक्रवारचा ट्रक शहरात जाईल, नमुन्याच्या पिशव्या घेऊन."

पन्नास पेट्यांचे निकाल आले. माझा कागद बाईंनी उलटा करून वाचला, तेव्हा मी बहिणींच्या सुरात सूर मिसळला. बाईंनी डोंगराचे चौकोनी तुकडे एकेक करून भरले. मातीचे वजन ओले धरले तर अंदाज फुगतो, म्हणून माती वाळवून पुन्हा तोलली. शेवटी त्यांनी लिहिले, की लाल-पिवळ्या मातीत स्कँडियम आणि कोबाल्ट जपून ठेवण्याजोगे आहे, इतके आहे आणि अंदाज इतका कमीजास्त होऊ शकतो. ही माती फेकू नका, वेगळी रचून ठेवा, असेही लिहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत होती सगळ्यांची. ज्या धातूसाठी जग धुंडाळायचे, तो आमच्या शेडमध्ये डब्याखाली होता! शेडला नवे छप्पर मिळाले. यंत्रांच्या सुट्या भागांनी दुसरी जागा शोधली.

एक गोष्ट राहिली. निकालानंतरच्या शनिवारी काकांनी रंगाचा डबा आणला आणि माझा बाण पुसायला बसले. बाईंनी त्यांचा हात धरला. "पुसू नका काका. पुसला तर माझ्यानंतर येणारा पुन्हा गोंधळेल. पेटी उलटी का, ते त्याला कसं कळणार?"

काकांनी थोडा विचार केला. मग बारीक कुंचला घेतला आणि बाणाखाली, आडव्या नाही, चांगल्या सरळ अक्षरांत लिहिले, 'माती बाणाकडून सुरू. उलटी भरली, चूक माझी.' खाली सही केली.

आता मी दाराशीच असते, पण माझ्यावर कोणी बसत नाही. खाणीत नवा माणूस कामाला लागला, की काका त्याला पहिल्या दिवशी माझ्यासमोर आणतात आणि मान उजवीकडे टाकायला लावतात. सगळे हसतात. काका सगळ्यांत आधी हसतात. ते आता 'एक ढेकूळ इकडचं तिकडं' असे म्हणत नाहीत. पैज मात्र अजून लावतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही जुन्या वस्तू असतील, वह्या असतील, डबे असतील. त्या टाकण्याआधी एकदा उघडून पाहा आणि कुठले कशाचे ते त्यांच्यावर नीट लिहून ठेवा. लिहिताना चुकलात तर खाडाखोड करून लपवू नका, शेजारी खरे काय ते लिहा. आणि कधी एकटे असताना चूक झाली आणि मनात आले, की 'कोण बघतंय', तर माझ्या फळीवरच्या त्या दोन गाठी आठवा.

सव्वीस वर्षे मी बघत होते. आणि वाटही बघत होते.